मीटरचा अर्धा भाग अंधारात: डॅशबोर्डचे बल्ब घरी बदलता येतात का?

रातकिडा

गेले तीन आठवडे रात्री गाडी चालवताना ० ते ६० च्या मधे माझा वेग किती आहे हे मला कळत नाही. साठच्या पुढे गेलं की कळतं. म्हणजे सभ्यपणे चालवलं तर काटा गायब, आणि हाणली की लख्ख दर्शन.

गाडी वीसेक वर्षांची आहे, काट्यांचं मीटर. स्पीडोमीटरचा डावा निम्मा भाग पूर्ण काळा, ओडोमीटर मिणमिणता. आरपीएम आणि पेट्रोलचा काटा व्यवस्थित दिसतात. एसीच्या तीन गोल बटणांपैकी मधल्याचा दिवाही गेलाय. गॅरेजमधे दाखवलं तर "आख्खं मीटर बदला" असं उत्तर मिळालं. एका बल्बसाठी आख्खं मीटर हे पटत नाही. हेडलाइटचा बल्ब मी घरी बदललेला आहे, त्यापलीकडे अनुभव शून्य. आत शिरायचं कुठून? बल्ब कोणते लागतात? आणि हात घालतोच आहे तर एलईडी टाकू का?

तिसरा_गिअर

थांबा, आधी पेचकस खाली ठेवा.

ब्राइटनेसचं छोटं चाक असतं, बहुतेक स्टीअरिंगच्या बाजूला. कुणाचा तरी हात लागून ते फिरतं आणि मालक मीटर उघडून बसतो. तुमचा अर्धाच भाग गेलाय म्हणजे चाक निर्दोष, आणि फ्यूजही. सगळे दिवे एकदम गेले असते तर मी आधी फ्यूजच बघायला सांगितलं असतं. बऱ्याच गाड्यांत मीटरचे दिवे आणि मागचे टेल लॅम्प एकाच फ्यूजवर असतात, त्यामुळे आख्खं मीटर काळं पडलं तर पहिल्यांदा उतरून मागे जाऊन बघायचं. तिथेही अंधार असेल तर मागून येणाऱ्याला तुम्ही दिसतच नाही, आणि ते जास्त वाईट.

तुमच्याकडे नक्की बल्बच गेलाय. तरी एक करा: किल्ली ऑनला आणा, इंजिन सुरू करू नका, आणि मीटरमधे कुठकुठले दिवे लागतात ते लिहून इथे टाका. सगळे.

मागची_सीट

ओडोमीटर दिसत नसेल तर विकताना उपयोगी पडेल. :)

रातकिडा

@तिसरा_गिअर, बघून आलो. ऑइलचा लाल दिवा, बॅटरीचा लाल, हँडब्रेक, एबीएस, एअरबॅग. एबीएस आणि एअरबॅग काही सेकंदांत विझले, बाकीचे इंजिन सुरू केल्यावर. म्हणजे ठीक ना?

तांब्याची_तार

बल्बांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथेच लोक चुकीचा बल्ब आणून दोनदा मीटर उघडतात.

मीटरच्या पाठीला साधारण तीन प्रकार सापडतात. पहिला टी१०: बिनटोपीचा, काचेचंच चपटं बूड असलेला, ज्याला वेज म्हणतात. टी१० मधला १० म्हणजे काचेचा व्यास, सुमारे १० मिलिमीटर. पार्किंग लाइटला आणि नंबरप्लेटलाही बहुधा हाच असतो. दुसरा टी५: तसाच, पण ५ मिलिमीटरचा, साधारण १.२ वॉटचा. खुणेच्या दिव्यांना हा जास्त. तिसऱ्यात बल्ब आणि प्लॅस्टिकचा होल्डर एकजीव असतो, वेगळा काढता येत नाही, तिथे होल्डरसकट नवा घ्यायचा. त्याच्या बुडाचा रंग शोभेसाठी नसतो. रंगावरून वॉट ओळखतात, म्हणून रंगाला रंग जुळवा. एसीच्या बटणामागे बहुधा याहून बारीक काहीतरी निघेल.

आता खरी खोच. आकार सारखा म्हणजे बल्ब सारखा नव्हे. १९४ आणि १६८ असे दोन नंबर घ्या. दोन्ही त्याच टी१० मापाचे, शेजारी ठेवले तर ओळखू येणार नाहीत. पण १४ व्होल्टला पहिला ०.२७ अँपिअर खातो, दुसरा ०.३५. "जरा जास्त उजेड पडेल" म्हणून मोठ्या वॉटचा टाकला की जास्तीची उष्णता त्या बंद डबीत कोंडते. होल्डर पिवळा पडतो, पुढची रंगीत टोपी वितळते, डायलवर तपकिरी डाग उमटतो. जुन्या बल्बच्या बुडावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, भिंगातून वाचा आणि तेच आणा.

आणि प्रकाश देणारे सगळे बल्ब एकदम बदला. एका वयाचे आहेत, एकाच चाकावर चालतात. एक गेला म्हणजे बाकीचे रांगेत उभे आहेत. खुणेचे दिवे (ऑइल, बॅटरी वगैरे) मात्र राहू द्या, ते दिवसातून काही सेकंद जळतात, गाडीपेक्षा जास्त जगतात.

खुडबुड्या

+१. आणि काळवंडलेली काच दिसली की तो बल्ब जिवंत असला तरी काढा. तारेचं टंगस्टन उडून काचेला आतून बसलेलं असतं ते. तुमचा "मिणमिणता" ओडोमीटर तोच असणार.

उघडायची पद्धत सांगतो (माझ्या गाडीवरून, तुमच्यात स्क्रूंची जागा वेगळी असेल पण घराणं एकच):

स्टीअरिंग असेल तितकं खाली पाडा. बॅटरीचा निगेटिव्ह काढा. स्टीरिओला कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवा, नाहीतर बल्ब लागेल आणि गाणी बंद. स्टीअरिंगच्या दांडीवर जाडसर टॉवेल पसरा. हा टॉवेल स्क्रॅचसाठी कमी आणि पडणाऱ्या स्क्रूसाठी जास्त असतो. मीटरभोवतीची चौकट वरच्या कडेला दोन स्क्रूंनी धरलेली असते, ते छताकडे तोंड करून असतात, त्यामुळे बसल्या जागी दिसत नाहीत, मोबाइलचा कॅमेरा आत घालून बघा. स्क्रू काढले की बाकी सगळं क्लिपांवर. थंडीत करू नका, प्लॅस्टिक कडक होतं आणि क्लिपा टकाटक तुटतात. हवा गार असेल तर गाडी थोडा वेळ उन्हात ठेवा. लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, प्लॅस्टिकची पट्टी वापरा.

मग मीटरचे तीन-चार स्क्रू. वरचा भाग आपल्याकडे झुकवा, मागे हात घालून कनेक्टरची जिभली दाबा, मगच ओढा. वायर धरून ओढणाऱ्याला माझा नमस्कार.

तिसरा_गिअर

वरच्यात भर. एअरबॅगवाली गाडी आहे, निगेटिव्ह काढल्याकाढल्या हात घालू नका. काही कंपन्यांच्या पुस्तकात ९० सेकंद थांबा म्हणतात, काहींच्या ३ मिनिटं. मी दहा मिनिटं थांबतो, माझं काही जात नाही. पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे, आपले नाहीत, त्यांना हात लावायचा नाही. आणि मीटर बाहेर असताना गंमत म्हणूनही किल्ली ऑन करायची नाही. कंप्युटरला मीटर सापडत नाही आणि तो नको ते दोष नोंदवून ठेवतो.

जुनं_लोखंड

आमच्या वेळच्या गाडीत मीटरच्या मागे स्पीडोमीटरची केबल असते, ती विसरून मीटर ओढलं की एकतर केबल लचकते नाहीतर मीटरचं नाक तुटतं. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी आधी हात घालून केबलची कडी दाबून ती सोडवावी. परत लावताना आतल्या तारेचं चौकोनी टोक चौकोनी खाचेत नीट बसलं पाहिजे, नाहीतर काटा बेडकासारखा उड्या मारतो. रातकिडा यांची गाडी वीस वर्षांची म्हणजे केबल नसावी, पण हा धागा पुढे कोणी वाचेल म्हणून लिहिलं.

रातकिडा

काका, धन्यवाद, बघितलं, केबल नाही. रविवारी हात घालतोय. एलईडीचं कोणी बोललंच नाही अजून.

खुडबुड्या

मी बोलतो! टाका. उष्णता नाही, वीज नाही म्हणावी इतकी कमी, आणि रंग हवा तो. मी निळे टाकलेत. एकच लक्षात ठेवा, एलईडीला प्लस-मायनस असतो. बसवला आणि लागला नाही तर बाद समजू नका, काढून उलटा फिरवून बसवा. साध्या बल्बला सरळ-उलटं काही नसतं, म्हणून लोक इथे फसतात.

अंधारयात्री

निळ्याला माझा विरोध, आणि तो सौंदर्याचा नाही. रात्री डोळा अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं घेतो. अंधारात काम करणाऱ्या डोळ्यातल्या दंडपेशी सुमारे ५०० नॅनोमीटरच्या निळसर-हिरव्या प्रकाशाला सर्वांत हळव्या असतात आणि गडद लाल त्यांना जवळजवळ दिसतच नाही. भडक निळं मीटर म्हणजे त्या पेशींच्या तोंडावर टॉर्च. शिवाय निळ्याचा फोकस डोळ्यात नीट जमत नाही, आकडे पुसट वाटतात. मला चष्मा आहे आणि वय पन्नाशीचं, मित्राच्या निळ्या मीटरच्या गाडीत अर्धा तास चालवलं की डोळे चुरचुरतात.

खुडबुड्या

ताई, चाक फिरवून मंद केलं की झालं ना.

तांब्याची_तार

तेच तर होत नाही. जुन्या गाड्यांतलं ते चाक व्होल्टेज कमी करतं. तारेचा बल्ब व्होल्टेजबरोबर हळूहळू मंदावतो. स्वस्त एलईडी तसा मंदावत नाही, बराच वेळ जवळपास तेवढाच उजेड देतो आणि एका टप्प्याला पटकन विझतो. नव्या गाड्यांत वीज झपाझप चालू-बंद करून मंद करतात, तिथे जमतं, पण कधीकधी लुकलुक दिसते.

दुसरी अडचण दिशेची. तार चहूबाजूंनी प्रकाश टाकते आणि मीटरच्या आतली पांढरी पोकळी त्या हिशोबाने घडवलेली असते. एलईडीचा प्रकाश समोर झोत मारतो. परिणाम: १०० चा आकडा डोळ्यात घुसतो, ४० चा शोधावा लागतो. टाकायचेच असतील तर बाजूनेही प्रकाश देणारे घ्या. आणि डायलच्या मागे किंवा बल्बवर हिरवी-निळी टोपी असेल तर ती तारेच्या पिवळट प्रकाशासाठी रंगवलेली असते, पांढरा एलईडी मागे ठेवला तर भलताच रंग निघतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. बॅटरीच्या लाल दिव्याला एलईडी लावू नका, त्याचा संबंध अल्टरनेटरशी, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राशी असतो. अनेक जुन्या गाड्यांत तो बल्ब फक्त खूण म्हणून नसतो. किल्ली ऑन केल्यावर त्याच बल्बातून जाणारा थोडासा प्रवाह अल्टरनेटरच्या फिरत्या गुंडाळीत जातो आणि तिला चुंबक बनवतो. त्या जोरावर अल्टरनेटर वीज बनवायला लागतो, मग बल्बच्या दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज येतं आणि तो विझतो. ३ वॉटच्या बल्बमधून पाव अँपिअर जातो, एलईडीतून त्याचा किरकोळ हिस्सा. बल्ब उडालेला असला किंवा तिथे एलईडी असला तर अल्टरनेटर जागाच होत नाही, किंवा इंजिन एकदा जोरात रेटल्यावर उरल्यासुरल्या चुंबकत्वावर होतो. लोक बॅटरी बदलतात, अल्टरनेटर बदलतात, आणि दोषी निघतो शेंगदाण्याएवढा बल्ब.

जुनं_लोखंड

हे शंभर टक्के खरं. मी स्वतः अल्टरनेटर उतरवून बसलो होतो.

मागची_सीट

इतकं वाचून माझ्या गाडीतला एकही बल्ब गेलेला नाही याचं वाईट वाटायला लागलंय.

रातकिडा

रविवारचा वृत्तान्त. ठरलं, साधेच बल्ब आणले. रोज रात्री चालवतो, डोळे महत्त्वाचे.

चौकट निघाली, एक क्लिप गेली (पट्टी होती, घाई पण होती). मीटर बाहेर काढून टेबलावर पालथं ठेवलं, आधी खाली मऊ कापड. मागच्या बाजूला तांब्याच्या रेघा असलेला पातळ प्लॅस्टिकचा पत्रा आणि त्यात खोचलेले होल्डर. उघडल्याबरोबर फोटो काढून ठेवला, ते बरं झालं, कारण काळे आणि तपकिरी होल्डर दोन मापांचे आहेत. पाव वळसा डावीकडे फिरवला की होल्डर हातात येतो.

पण होल्डरमधून बल्ब निघेना. वीस वर्षं तापून चिकटलेला. पकडीने धरला तर फुटणार हे दिसत होतं. शेवटी माशांच्या टाकीची रबरी नळी सापडली, तिचा बोटभर तुकडा काचेवर चढवला आणि सरळ ओढला. अलगद आला. नवीन बल्बही त्याच नळीने बसवले.

आता अडचण. पाच बदलले, चार लागले. ज्या जागेसाठी एवढा उपद्व्याप केला ती डावी बाजू अजून काळीच! बल्ब अदलाबदल करून पाहिला, बल्ब चांगला आहे.

तांब्याची_तार

छान, म्हणजे दोष जागेचा. त्या भोकाशी तांब्याच्या रेघेची जी टोकं आहेत ती काळपट हिरवी दिसताहेत का बघा. पेन्सिलीचं खोडरबर घ्या आणि हलक्या हाताने घासा, चकचकीत तांबं दिसेपर्यंत. पॉलिश पेपर नको, थर फार पातळ असतो. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. होल्डरच्या बाजूला दोन पितळी जिभा असतात, त्या वर्षानुवर्षं दबून सपाट होतात. टाचणीच्या टोकाने केसभर वर उचला. केसभर म्हणजे केसभर.

मल्टिमीटर असेल तर होल्डरच्या दोन जिभांत ओहम मोजा. आणि आकडा बघून घाबरू नका. ५ वॉटचा बल्ब जळताना सुमारे २९ ओहम असतो, पण थंड असताना दोन-तीनच दाखवेल. गार तार वीज सहज जाऊ देते, म्हणूनच बल्ब बहुतेक वेळा बटण दाबण्याच्या क्षणी उडतो.

तिसरा_गिअर

आणि मीटरच्या पुढच्या बाजूला काही करू नका. "उघडलंच आहे तर काच काढून पुसू" हा मोह सगळ्यांना होतो. कोरड्या फडक्याने काचेवर चरे पडतात आणि काट्याला बोट लागलं तर तो पाच किलोमीटर खोटं बोलायला लागतो.

रातकिडा

लागला!!! खोडरबर. जीभही उचलली, पण माझ्या मते काम खोडरबरानेच केलं. सगळे कनेक्टर लावून, बॅटरी जोडून, स्क्रू न लावताच तपासलं, मग परत निगेटिव्ह काढून सगळं बसवलं. आता ० पासून दिसतंय आणि कळलं की मी गल्लीत पन्नासने येत होतो.

एसीच्या बटणाचं सोपं निघालं. बटण पुढे ओढलं की निघतं, आत बल्ब दिसतो, तीच नळी.

अंधारयात्री

अभिनंदन. वाचनखूण साठवली.

खुडबुड्या

नळीची युक्ती भारी. निळ्याबद्दल मी माघार घेतलेली नाही, फक्त चाक शून्यावर आणून ठेवलंय.

तिसरा_गिअर

रातकिडा, एक विचारायचं राहून गेलं. तुमची पहिली यादी परत वाचली. ऑइल, बॅटरी, हँडब्रेक, एबीएस, एअरबॅग. इंजिनचा पिवळा दिवा, इंजिनमधे दोष असला की लागून राहतो तो, कुठाय? किल्ली ऑन केल्यावर तोही लागायला हवा, आणि इंजिन सुरू झालं की विझायला हवा. तुमच्या मीटरवर ते चित्र आहे का?

रातकिडा

आत्ता टॉर्च मारून बघितलं. चित्र आहे, आरपीएमच्या खाली. दिवा लागत नाही. आठवत नाही कधी लागलेला. गाडी मी चार वर्षांपूर्वी वापरलेली घेतली.

जुनं_लोखंड

अरेरे.

तांब्याची_तार

मागून काढलेला फोटो आहे ना तुमच्याकडे? त्या जागी होल्डर दिसतो का?

रातकिडा

होल्डर आहे. फोटो मोठा करून बघितला. संध्याकाळी परत मीटर काढलं (या वेळी वीस मिनिटांत, क्लिप एकही नाही तुटली). होल्डर काढला तर आत बल्बच नाही. बल्ब उडालेला नाही, काढून घेतलेला. कुणीतरी नीट विचार करून तो उपटून रिकामा होल्डर परत खोचलाय.

मागची_सीट

तुमच्या आधीच्या मालकालाही मीटर उघडता येत होतं तर.

तिसरा_गिअर

म्हणूनच वापरलेली गाडी बघायला जातो तेव्हा मी किल्ली ऑन करून नुसता बसून राहतो. न विझणाऱ्या दिव्यापेक्षा न लागणारा दिवा जास्त बोलतो. एअरबॅगचा दिवा एकटा न लागता दुसऱ्या दिव्याबरोबर लागतो-विझतो असाही प्रकार पाहिलाय, कोणीतरी त्याची वायर शेजाऱ्याला जोडून दिली होती. बल्ब टाका आणि काय होतं सांगा.

रातकिडा

टी५ चा एक जास्तीचा आणला होता. टाकला. किल्ली ऑन: लागला. इंजिन सुरू केलं: ऑइल विझला, बॅटरी विझला, एबीएस, एअरबॅग विझले.

हा नाही विझला. दहा मिनिटं झाली, मस्त पिवळाधमक, मीटरमधला सर्वांत छान दिसणारा दिवा आहे. नवीन धागा काढतो.